मागचा जिना

सिगारेट ओठांपर्यंत आली आणि खिशातला फोन वाजला.

“जावईबापू, तलफ आलीय,” सासरे म्हणाले. “काहीतरी बोला.”

मशीनमनने कपाळावर हात मारला. यंत्राच्या धडधडीतून घटकाभर सुटावं म्हणून तो छापखान्याच्या मागच्या लोखंडी जिन्यावर आला होता. कठड्याला थोटकं टाकायचा त्याचा गंजका डबा टांगलेला होता. अंगात त्राण नव्हतं, डोकं ठणकत होतं, आणि वर हे म्हातारं लोढणं गळ्यात.

“पाणी प्या बाबा, घोटघोट. लांब श्वास घ्या. थोडा वेळ कळ काढा, ओसरते.”

डॉक्टरांनी त्याला सांगितलेलंच तो सासऱ्यांना ऐकवत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पण सांगता सांगता त्यालाही दोन घोट प्यावे लागत, तेवढ्यात आतून हाक येई आणि सिगारेट तशीच पाकिटात परत जाई.

डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी सिगारेट सुटू दे, मग हृदयाचं ऑपरेशन. लांबलं तर जिवाची हमी नाही. त्याला मरायचं नव्हतं, मुलगी अजून शाळेत होती. पण भीती अंथरुणावर पडल्यावर वाटते आणि तलफ कामाच्या वेळी येते, तिथेच सगळं घोडं अडतं.

सासरे छापखान्याच्या मागच्याच गल्लीत राहायचे. हाडाचे घड्याळजी. दुकान बंद केलं तरी घरी खुडबूड चालूच. ऑपरेशनचं कळलं तेव्हा त्यांनी जावयाला बाजूला घेतलं आणि आपणही चोरून ओढतो, अशी कबुली दिली. दोघं मिळून सोडू म्हणाले, फक्त घरात कुणापाशी चकार शब्द नको. त्याने वचन दिलं आणि तेव्हापासून तो पस्तावत होता. म्हाताऱ्याला काळवेळ नव्हती. याने जिन्यावर पाऊल टाकावं आणि फोन वाजावा. रविवारी मात्र सगळं शांत. म्हाताऱ्याची तलफही साप्ताहिक सुट्टी घेते, असं तो मनाशी म्हणे.

एका संध्याकाळी बागेतल्या बाकावर तो पार खचला. एकेक ओढू आणि हा ताप संपवू, असं म्हणत त्याने सासऱ्यांपुढे पाकीट धरलं. त्यांनी एक उचलली आणि तोंडात धरली.

“बाबा, उलटी धरलीत.”

“चष्मा घरी राहिला,” म्हणत त्यांनी ती परत केली. “जाऊ दे. एवढे दिवस तुमच्या जिवावर काढले. आता मला तोंडघशी पाडू नका.”

त्याला स्वतःचीच लाज वाटली. उठून त्याने पाकीट कचऱ्यात टाकलं. त्यानंतरही फोन येत राहिले आणि तोही दमल्या आवाजात तेच ते सांगत राहिला.

अखेर तपासणी झाली. डॉक्टर खूश झाले, ऑपरेशनची तारीख मिळाली. तो तडक सासरी गेला. सासरे केस कापायला गेले होते. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. आनंदाच्या भरात त्याला वचनाचं भान राहिलं नाही.

“आई, माझी सिगारेट सुटली ती बाबांमुळे. आता रागावू नका, त्यांनीही सोडलीय.”

सासूबाईंचे हात थांबले. “ह्यांनी? अहो, धुराच्या नुसत्या वासाने ह्यांचा जीव घाबरा होतो. उभ्या जन्मात हात लावला नाही.”

“मग दिवसभर करतात तरी काय?”

“काही विचारू नका. लोकांची घड्याळं तशीच पडलीत. सकाळी मागच्या खोलीत खिडकीशी जाऊन बसतात, ते जेवायलासुद्धा उठत नाहीत. रविवारी तेवढे माणसांत असतात.”

तो मागच्या खोलीत गेला. खिडकीशी खुर्ची होती, तिच्या हाताशी फोनचा चार्जर लोंबत होता. चौकटीवर कुणाची तरी दुरुस्तीला आलेली दुर्बीण होती. त्याने ती डोळ्यांना लावली. समोर एक लोखंडी जिना होता आणि त्याच्या कठड्याला गंजका डबा टांगलेला होता.