ताणलेला पट्टा

वस्तऱ्यानं दाढी करायला शिकायचं म्हणून शिवानंद मुरुमच्या बाजारात गेला. वस्तरा मनासारखा मिळाला. धार परजायला चामड्याचे दोनच पट्टे होते, एक कोरा आणि एक वापरून मऊ पडलेला.

"नवा न्या," दुकानदार हणमंतप्पा म्हणाले. "जुना दुसऱ्याच्या हाताचा हाय."

पण नवशिक्याला मऊच बरा, असं वाटून शिवानंदनं जुना घेतला.

दुपारी न्हाणीत त्यानं पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, दुसरं टोक डाव्या हातानं ताणून धरलं आणि त्यावर वस्तरा फिरवू लागला. सप, सप. हात लई लवकर बसला.

घाम पुसायला त्यानं टोक सोडलं. पट्टा खाली लोंबला नाही. तसाच ताणलेला राहिला.

त्यानं वस्तरा हळूच खिडकीत ठेवला आणि मागं सरकला.

"झालं का?" बाहेरून बायकोनं विचारलं. "पाणी गार व्हायलंय."

तेवढ्यात पट्टा सैल होऊन भिंतीवर आपटला. खिडकीत वस्तरा नव्हता.

मग मागून हनुवटीखाली दोन गार बोटं लागली आणि दाढीला बसवलेल्या गिऱ्हाइकासारखी त्याची मान अलगद वर उचलली गेली.