मंगळवारची यादी

“तुमचा देश अजून लाल यादीतच आहे,” सहली आखून देणाऱ्याने संगणकाच्या पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं. समोर बसलेल्या बाईंनी मान हलवली. मग पुढच्या मंगळवारी येते, म्हणाल्या. पण उठल्या नाहीत.

त्याच्या ऑफिसात एके काळी पाच टेबलं होती. आता एकच उरलं होतं. भिंतीवरची समुद्रकिनाऱ्यांची पोस्टरं उन्हाने विटून नुसती निळी झाली होती. लोक हळूहळू पुन्हा यायला लागले होते, पण जायचं तिथे बघायला काय आहे, हे कुणी विचारत नव्हतं. उतरल्यावर सात दिवस कोंडून ठेवतात की चौदा, निघण्याआधी बहात्तर तासांतली चाचणी लागते की अठ्ठेचाळीस, कुठली लस चालते, एवढंच. दर सोमवारी संध्याकाळी देशांची नवी यादी यायची, उघडे ते हिरवे, बंद ते लाल. परवा हिरवा असलेला देश आज लाल व्हायचा आणि महिनाभर आखलेली सहल पाण्यात जायची. सगळ्यांची समजूत घालायचं काम त्याचं. मात्र तो फोन कानाला लावत नसे. टेबलावर ठेवायचा आणि लांबूनच बोलायचा. लोकांना वाटे, जंतूंना भितो.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. स्वतःला मात्र एकाच गाडीत बसायचं होतं, दातेरी रुळांवरून बर्फाचा डोंगर चढणाऱ्या. ती परदेशात होती. दोघांनी त्या सहलीचं नक्की केलं आणि नेमकी साथ आली. मग एका दुपारी बातमी आली की शनिवारपासून तो देश हद्द बंद करणार. यानेच धावपळ करून त्यांना फोन लावला. गुरुवारच्या विमानात दोन जागा आहेत, आत्ता हो म्हणा, पुन्हा कधी जमेल कोण जाणे. फोन यजमानांनी घेतला होता. ते हो म्हणाले.

गाडीत बसणं झालंच नाही. तिसऱ्या दिवशी हॉटेलात त्यांना श्वास पुरेना. नखशिखांत झाकलेली दोन माणसं येऊन त्यांना घेऊन गेली आणि बाईंच्या खोलीला बाहेरून कुलूप लागलं. अकराव्या दिवशी फोनवर निरोप आला. मागचं सगळं तिथल्या सरकारनेच उरकलं. दीड महिन्याने बाई एकट्या परतल्या, तेव्हा त्यांच्याजवळ एक कागद होता. त्यावर दफनभूमीचा पत्ता, रांग आणि क्रमांक.

आता त्यांना तिथे एकदा जायचं होतं. यजमान कुठे आहेत, ते डोळ्यांनी बघायचं होतं. त्या दिवसांपासून त्यांनी बातम्या बघणं सोडलं होतं. देश उघडला की बंद, ते हा सांगेल तेच. म्हणून चार महिने दर मंगळवारी त्या यायच्या. तो आखणी सांगायचा. चाचणी, विमान, हॉटेलात सक्तीचे सात दिवस, आठव्या दिवशी सकाळी दफनभूमी. बाई वहीत उतरवून घ्यायच्या, पेन्सिलीने, म्हणजे नियम बदलला की खोडता येईल. एक पान खोडून खोडून फाटायला आलं होतं.

आज त्यांनी वही काढलीच नव्हती.

तुम्हाला एक सांगायचंय, असं म्हणून त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. आवाज हजेरी घेताना असावा तसा सपाट होता. निघायच्या त्या गुरुवारी सकाळी यजमानांच्या अंगात ताप होता. खोकला तर आधीपासूनच होता. ते म्हणाले, राहू दे, नको जायला. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं थांबलो, आता माघार नको. त्यांनी तापाची गोळी दिली. विमानतळावर कपाळासमोर यंत्र धरलं, तेव्हा ताप उतरलेला होता. दोघांना आत सोडलं. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही.

“गोळी मी दिली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणता, यादी बदलते. सगळ्यांचे देश उघडले. माझाच उघडत नाही. मला वाटतं, ह्यांनाच मी तिथे आलेली नकोय.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर सरकवलं. त्या आवाजाने तो दचकला.

त्याच्या तोंडाशी नेहमीची वाक्यं आली. नियमच असे आहेत, कुणाच्या हातात काही नसतं, थोडी कळ काढा. बाईंच्या अंगठ्याजवळ पेन्सिलीचा काळा डाग होता, बोटाच्या रेषांत मुरलेला. तो त्याकडे बघत राहिला. मग त्याने पडदा दोन्ही हातांनी धरून त्यांच्या बाजूला वळवला.

बाई चष्मा शोधू लागल्या. तो सापडायची वाट न बघता त्याने सांगून टाकलं.

“तुमचा देश उघडून तीन आठवडे झालेत, बाई. तुमचं तिकीट काढायला माझा हातच उठत नव्हता. मी फोन केला ना, तेव्हा त्यांचा खोकला मला ऐकू आला होता. मी विचारलं नाही.”