आकाश राहिलंय

'खेळ हा प्रत्येक बालकाचा जन्मसिद्ध हक्क आहे' असं संस्थेच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी हातभर अक्षरांत लिहिलं होतं. हा हक्क दर बुधवारी चार ते सहा या वेळेत मिळायचा. कार्ड दाखवून एक खेळणं न्यायचं, पुढच्या बुधवारी ते परत करून दुसरं न्यायचं. चौथ्या बुधवारपर्यंत परत आलं नाही, की कार्ड रद्द. हक्कही.

आज भिंगरीचा चौथा बुधवार होता.

वय वर्षं नऊ. एका जागी ठरत नाही म्हणून वस्तीनं ठेवलेलं हे नाव. आज मात्र ती गाडीच्या पायरीशी खांबासारखी उभी होती, आणि नजर आत खुंटीला टांगलेल्या उड्या मारायच्या दोरीवर. दोरीच्या मुठी लाल होत्या.

"पझल कुठंय?" खेळताईंनी विचारलं. गाडीवरच्या बाईंना मुलं खेळताईच म्हणत.

"घरी."

"मग आण की, पळत जा."

"बाबा देत नाहीत. तुम्हीच चला ना ताई. तुम्हाला घाबरतील."

खेळताईंना आजवर कोणीच घाबरलेलं नव्हतं. त्या लगेच निघाल्या.

खोलीच्या दारातच थांबावं लागलं, कारण आत जागा नव्हती. मधोमध प्लायवुडचा तक्ता, तक्त्यावर शिडाचं जहाज, जहाजाखाली समुद्र. शेजारी भिंगरीचा बाप उकिडवा बसला होता. गोदामातला हमाल, पाठीवर पोतं असं घेतो की बघणाऱ्याला उशी वाटावी. आत्ता त्याच्या चिमटीत नखाएवढा निळा तुकडा होता आणि त्यानं श्वास रोखून धरला होता.

"या ताई. तिथून नका, समुद्रावर पाय पडेल."

"बघा!" भिंतीला पाठ लावून भाजी निवडणारी आई म्हणाली. "जहाज मधे आणि आम्ही काठाला. कूस बदलायची तर मालकांना विचारावं लागतं."

खेळताईंनी पझलचं माहितीपत्रक काढलं. त्यावर छापलं होतं: 'पझल, तुकडे तीनशे. वयोगट आठ ते दहा. लाभ: एकाग्रता.' लाभ झालेला दिसत होता. वयोगट तेवढा चुकला होता.

"अहो, हे मुलीसाठी दिलं होतं."

"तिलाच बसवलं होतं की आधी. दहा मिनिटांत उठली."

"मला दोरी पाहिजे," भिंगरी म्हणाली.

"हे परत आलं नाही तर आज तिचं कार्ड रद्द होईल," खेळताई म्हणाल्या. "मग दोरी नाही, चेंडू नाही, गोष्टीचं पुस्तक नाही. काहीच नाही."

बापानं मान वर केली. "मला बोलली नाहीस ते?"

"बोलले की. तीनदा. तुम्ही म्हणालात, थांब, आकाश राहिलंय."

त्यानं हातातला तुकडा वाटीत ठेवला. वाटीत तसेच आणखी बरेच होते, सगळे निळे.

"राहिलंय हो खरंच," तो ताईंना म्हणाला. "जहाज सोपं होतं. समुद्रही जमला. आकाश मेलं सगळीकडे सारखंच." मग मुलीकडे बघत ताईंनाच म्हणाला, "न्या. काय करायचं ते सांगा."

खेळताईंनी पिशवी काढली आणि तिच्यावरचा नियम वाचला. सुरुवात बऱ्या आवाजात झाली, शेवट ऐकूच आला नाही. "सगळे तुकडे सुटे करून, मोजून, पिशवीत..."

बापानं जहाजाच्या टोकाला हात लावला. हात तिथंच राहिला. "तुम्हीच करा ताई."

ताई वाकल्या. शिडापर्यंत हात नेला आणि चष्मा सारखा करत परत आणला. "भिंगरी, तूच कर बाई. पटकन. दोरी न्यायचीय ना?"

भिंगरीनं जहाजाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"मी नाही."

आईनं भाजीची जुडी खाली ठेवली. "मोजायचेच आहेत ना? मग असेच मोजा की."

"आडवे वीस, उभे पंधरा," बाप घाईघाईनं म्हणाला. "पैकी एकोणचाळीस वाटीत. मोजून घ्या."

ताईंनी मोजले नाहीत. एवढी एकाग्रता त्यांच्याकडं नव्हती. त्यांनी नियम पुन्हा वाचला. 'सुटे करून'च्या आधी 'शक्यतो' असा एक शब्द होता, मघाशी वाचताना गळलेला. संस्थेच्या सगळ्याच नियमांत तो असे. आजवर कोणी वापरला नव्हता.

"शक्य नाही," खेळताईंनी जाहीर केलं आणि ड्रायव्हरमामांना हाक मारली.

तक्ता निघाला. एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला मामा, मागं तळहातानं वाटी झाकून आई. पुढं भिंगरी ओरडत होती, "सरका, सरका, जहाज येतंय!" गल्लीतल्या लोकांनी सायकली बाजूला घेतल्या. एका आजोबांना वाटलं कोणाला तरी दवाखान्यात नेतायत. त्यांनी "जपून रे" म्हटलं आणि टोपी काढली.

गाडीतलं खालचं फळकूट रिकामं करून त्यावर तक्ता बसवला. कार्डावर शिक्का पडला. दोरी हातात येण्याआधीच भिंगरीनं पहिली उडी मारली होती.

बाप गाडीपाशीच घुटमळत राहिला. खेळताईंनी ओळखलं, हा आता पझल पुन्हा मागणार. कार्ड फक्त मुलांना मिळतं, हे समजुतीनं कसं सांगायचं याची त्यांनी मनात जुळणीही केली. पण तो त्यांच्याकडं आलाच नाही. वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला आणि काचेवर एक बोट वाजवलं.

"मामा," तो म्हणाला, "वळणावर जरा सावकाश घ्या."