बसल्या जागी निदान

ऑफिससाठी सगळ्या कॉम्प्युटरना नेट वाटून देणारे नवीन नेटवर्क स्विच घ्यायचे होते आणि नमुन्याला आलेला स्विच पारखायचं काम तळघरातल्या वायरमास्तरकडे होतं. सगळे त्याला याच नावाने हाक मारत. स्विच भलताच हुशार निघाला. कोणाचं नेट का बंद पडलं, ते बसल्या जागी स्क्रीनवर दाखवायचा. वायरमास्तर हरखून गेला. आता ऊठसूट जिने चढायला नकोत! खरं तर, हिशेब विभागातल्या मॅडमचं नेट गेलं की तो लिफ्टची वाटसुद्धा न बघता धावत सुटायचा, पण ती गोष्ट वेगळी.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "वायरमास्तर, नेट गेलं हो पुन्हा!"

त्याने स्क्रीनवर नजर टाकली आणि आनंदाच्या भरात बोलून गेला, "मॅडम, आता मी वर यायची गरजच नाही! तुमच्याच कॉम्प्युटरची वायर निघालीय. तेवढी खोचा की झालं!"

पलीकडे दाबूनही न दबलेलं हसू.


"अहो, ठाऊक आहे मला. दर वेळी मीच तर काढते!"