दीड सेंटीमीटर

"दीड," लाइनमनची बायको म्हणाली आणि वही फिजिओथेरपिस्ट बाईंच्या टेबलावर उघडून ठेवली. "सहावरून दीडवर आणलंय मॅडम."

वहीत दर रविवारची एक ओळ होती. तारीख आणि पुढे एकच आकडा. पहिली ओळ चार महिन्यांपूर्वीची. डाव्या पायाचं प्लॅस्टर काढलं तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा सहा सेंटीमीटरने बारीक निघाली होती. पुढे साडेपाच, पाच, चार. शेवटच्या दीडखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या.

"रविवार आला की परीक्षाच असायची," खाटेवर पाय सोडून बसलेला लाइनमन म्हणाला. "शाळेतसुद्धा माझा एवढा अभ्यास कुणी घेतला नव्हता."

बाई हसल्या. त्यांच्यासमोर वीज कंपनीचा फॉर्म होता. शेवटच्या ओळीत 'खांबावर चढण्यास योग्य' असं छापलं होतं आणि पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. सोमवारी लाइनमनची रजा संपत होती. 'नाही' आलं तर नोकरी संपली. बसून करण्याजोगं काम त्या खात्यात नाही, असं कंपनीने पत्रातच कळवलं होतं.

"पट्टा रोज ओढलात?"

"तुम्ही एक तास सांगितलात, मी दोन तास करून घेतलं," बायको म्हणाली. "पावलाला पट्टा अडकवायचा आणि पोटरी ताणून धरायची. सकाळी तास, संध्याकाळी तास. हे ओरडायचे, पण मी काही ऐकलं नाही."

"हिला पोलिसात घ्यायला हवी होती."

"तुम्ही गप्प बसा हो. मॅडमना बघू दे."

बाईंनी त्याला दोन्ही पायांची पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली. डाव्या पोटरीभोवती टेप गुंडाळली आणि जुनी फाइल पाहिली. तेव्हा एकतीस, आता बत्तीस.

"एक वाढलाय. रोज ताणून एवढा वाढला, म्हणजे मेहनत केलीत."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

मग बाईंनी उजव्या पायाचं माप घेतलं. गुडघ्यापासूनचं अंतर पुन्हा मोजून जागा नक्की केली, आणि दुसऱ्यांदा घेतलं.

"उभे राहा. भिंतीला दोन बोटं टेकवा. एका पायावर टाच उचलायची, खाली टेकवायची. आधी उजवा."

"उजव्याचं काय बघायचंय? तो चांगलाच आहे."

"तरी करा."

त्याने सुरुवात केली. बाई मोजत होत्या. सहाला टाच थरथरली. आठला अर्धीच उचलली गेली. नवव्यांदा ती जमिनीवरून हललीच नाही. त्याने खाली वाकून पायाकडे पाहिलं आणि पुन्हा जोर लावला.

"गारठ्याने आखडला असेल," तो म्हणाला.

"आता डावा."

डाव्यावर चार झाले.

"किती लागतात?" बायकोने विचारलं.

"फॉर्मवर पंचवीस आहेत. प्रत्येक पायावर." बाई खुर्चीत बसल्या. "हे घरात चालत होते ना? प्लॅस्टर काढल्यावर दिलेल्या कागदावर मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पट्टा, चालणं, टाचा उचलणं."

"चालणं कसं मॅडम? पडले असते तर? पाण्याचा ग्लाससुद्धा मी यांना उठून घेऊ दिला नाही. बाथरूमला नेलं तेही माझ्या खांद्यावर."

"चार महिने?"

"हाड कच्चं असतं ना."

बाईंनी वही जवळ ओढली आणि दोन पानं मागे उलटली. "यात नुसता फरक आहे. दोन पायांची वेगवेगळी मापं कुठे आहेत?"

"ती मी नाही लिहिली. तुम्हीच म्हणाला होतात, फरक कमी झाला पाहिजे. म्हणून वजाबाकी करायचे आणि तेवढंच लिहायचे."

बाईंना ते आठवत होतं. त्यांनी फाइल त्या दोघांकडे फिरवली. वरच्या ओळीत डावा एकतीस, उजवा सदतीस. त्याखाली त्यांनी आजची मापं लिहिली. डावा बत्तीस, उजवा साडेतेहेतीस.

"डावा एकने भरला," त्या म्हणाल्या. "उजवा साडेतीनने उतरला. त्याला चार महिने कामच मिळालं नाही. फरक कमी झाला तो बहुतेक त्यामुळे."

बायकोने टेबलावरचं पेन घेतलं आणि वहीच्या कडेला वजाबाकी मांडली. उत्तर दीडच आलं. तिने ती पुन्हा करून पाहिली.

"भरून येईल?" लाइनमनने विचारलं.

"येईल. चालायला लागा. जिने चढा, टाचा उचला. पाच-सहा महिने तरी जातील."

"सोमवारपर्यंत काही जमतंय का बघा," तो म्हणाला. कुणीच हसलं नाही.

बाईंनी 'नाही'च्या चौकोनात खूण केली, सही केली, शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो न वाचता घडी करून खिशात ठेवला.

बायकोचा हात सवयीने त्याच्या काखेत गेला. तिच्या आधाराने तो भिंतीपासून काही पावलं पुढे आला.

"सोड," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता.

तिने हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरली. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. भिंत हाताला लागत नव्हती, टेबलही नाही. दार सहा-सात पावलांवर होतं. तो आपल्या पायांकडे बघत राहिला. आधी कोणता टाकायचा, हे त्याला ठरवता येत नव्हतं.