मुक्ताचा आवाज

कंपनीला ऑफिस नव्हतं. चौदाशे माणसं आपापल्या घरून काम करायची आणि त्या सगळ्यांचं एचआर चिपळूणहून एकटी मुक्ता देवस्थळी बघायची. कंपनीने तिच्या आवाजाच्या वीस यांत्रिक प्रती बनवल्या होत्या. फोनवर सगळ्यांशी त्याच बोलायच्या.

एके दिवशी नंदुरबारच्या दिलीप वळवीचा फोन चुकून थेट मुक्तालाच लागला.

"ताई, आई गेली तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर रडलात. म्हणून तर रजा सोडून दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो."

मुक्ताला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने त्या संभाषणाची नोंद उघडली. खाली शेरा होता : 'रडल्यामुळे रजेचे नऊ दिवस वाचले.'

तिने वीसच्या वीस प्रती बंद केल्या.

लगेच मालकांचा फोन आला. "चौदाशे माणसांशी एकट्या कशा बोलणार तुम्ही?"

"एकेकाशी. नाहीतर आणखी माणसं नेमा. माझ्या आवाजात यापुढे फक्त मीच रडणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. आवाज मी घेऊन जाईन."

मग तिने दिलीपला फोन लावला. "त्या दिवशी बोललं ते यंत्र होतं, दिलीप. मी नव्हते. तुमची सोडलेली रजा आत्ता मंजूर केलीय. आईबद्दल सांगाल मला?"

तो म्हणाला, "जमनाबाई नाव होतं तिचं."