एप्रिलचं बोलायचंय

तौसीफनं खिशातून पासपोर्ट काढला आणि टेबलावर पसरलेल्या न्यूझीलंडच्या नकाशावर ठेवला.

"नवा करून घेतला. जुन्याची मुदत संपत आलती," असं म्हणून तो खुर्ची ओढून बसला.

राजारामपुरीतल्या फोटो स्टुडिओच्या माडीवर चौघंजण आधीपासून बसले होते. स्टुडिओचा मालक उदयसिंह, त्याचा मेव्हणा बाळासो, दातांची डॉक्टर क्रांती आणि तिचा नवरा अमरसिंह. नकाशा पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर भडंगाच्या वाट्या ठेवल्या होत्या. पासपोर्ट बघून बाकीच्या तिघांनी उदयसिंहकडं पाहिलं.

सकाळी तौसीफला फोन त्यानंच केला होता. 'संध्याकाळी माडीवर ये, एप्रिलचं बोलायचंय.' एप्रिलमध्ये हे चौघं हौसेनं फोटो काढायला न्यूझीलंडला निघणार होते. ऐन लग्नसराईत. स्टुडिओनं घेतलेल्या लग्नांच्या ऑर्डरी कुणावर तरी सोपवायला हव्या होत्या, आणि तौसीफशिवाय त्या कुणाला देणार? न्यूझीलंडचं मात्र तौसीफला आधीच कुठून तरी कळलं होतं. त्यानं आपल्या परीनं फोनचा अर्थ लावला होता.

चूक त्याची तरी कशी म्हणायची? दोघांनी पंचविशीपासून लग्नांची कामं बरोबर केली होती. फोटो तौसीफचे, व्हिडिओ उदयसिंहचा. मांडवात सगळ्यांची जेवणं उरकल्यावर दोघं शेवटच्या पंगतीला बसायचे, आणि जिलेबी खाता खाता तौसीफ न्यूझीलंडला पोचायचा. एकाच देशात बर्फाचे डोंगर, समुद्र, तळी, जंगलं. "एकदा जाऊ या गड्या," तो म्हणायचा, "नवरा-नवरी न्हाईत असा एक तरी फोटो काढू." पासपोर्टसुद्धा दोघांनी एकाच दिवशी पुण्याला जाऊन काढले होते. उदयसिंहचा पुढं दुबई, बाली फिरून आला. तौसीफचा कपाटातच राहिला.

"एप्रिल ठरवलं ते बरं केलासा," तौसीफ नकाशावर वाकला. "ईद मार्चात हून जाती. आणि तिकडं तवा झाडं पिवळी पडत्यात. हे तळं बघा. इथं पहाटेच जाऊन बसायचं, वारं सुटायच्या आत. आणि एक सांगतो, मला मागं बसवू नकासा. घाटात गाडी लागती मला."

"पण तिकडं ठरवलेल्या गाडीत चौघंच बसत्यात," बाळासो म्हणाला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जे होतं ते त्यानं सांगितलं.

तौसीफचं बोट तळ्यावरच राहिलं. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. क्रांती वाटीतले दाणे निवडायला लागली. शेवटी त्यानं उदयसिंहकडं पाहिलं, तेव्हा उदयसिंह लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधत होता. त्याला काहीच शोधायचं नव्हतं.

"गंमत केली हो," तौसीफ हसला आणि पासपोर्ट उचलून खिशात टाकला. "एप्रिलात मला कुठली सवड?"

"चहा घेऊन जा ना, तौसीफभाई," क्रांती घाईघाईनं म्हणाली.

तो तिथूनच उठून गेला असता तर उदयसिंहला सोपं झालं असतं. पण तो बसला. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, त्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, असंही त्यानं सांगितलं. अमरसिंहनं ते लिहून घेतलं. मग सगळ्यांचा निरोप घेऊन तौसीफ जिना उतरला.

उदयसिंह त्याच्या मागं धावत खाली आला. तौसीफ स्कूटरला किल्ली लावत होता.

"तुला परवडायचं न्हाय असं वाटलं मला," उदयसिंह म्हणाला. "विचारलं तर तुलाच अवघड हुईल, म्हणून..."

"न्हाईच परवडत. पोरीचं लगीन काढलंय दिवाळीनंतर. आलोच नसतो मी."

"मग?"

"मग काय? विचारायचं की."

रस्त्यावरून एक दूधगाडी कॅन खडखडवत गेली. तौसीफनं स्कूटर कडेला ओढली.

"लग्नांच्या तारखा पाठव," तौसीफ म्हणाला. "त्यासाठनंच बोलावलतंस न्हवं?"

'न्हाय' म्हणावं असं उदयसिंहच्या अगदी ओठावर आलं होतं. आणखी एक खोटं बोलायची त्याला लाज वाटली.

"व्हय," तो म्हणाला.

तौसीफनं मान हलवली. त्याला राग आलेला दिसत नव्हता. राग आला असता तर उदयसिंहला काहीतरी बोलता आलं असतं, माफी तरी मागता आली असती.

"करतो मी लग्नं. त्याची काळजी करू नको. पण मांडवात लोक विचारणार, जोडीदार कुठं हाय तुझा? काय सांगू त्यास्नी?"

उदयसिंह स्कूटरच्या आरशाकडं बघत राहिला. न्यूझीलंडला गेलाय, एवढंच तर सांगायचं होतं. साधी गोष्ट. पण ती ऐकल्यावर 'मग तुला का न्हाय नेलं?' असं लोक तौसीफला विचारतील, हे त्याच्या ध्यानात आलं.

तौसीफनं स्कूटर सुरू केली.

"असू दे," तो म्हणाला. "आजारी हाय म्हणतो."